विंचवाचं बिऱ्हाड, चाकांवर

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



निवृत्तीनंतर काय करायचं हा आपल्या वसाहतीतला कायमचा विषय. तीस-पस्तीस वर्षं कंपनीच्या क्वार्टरमध्ये काढायची आणि शेवटच्या महिन्यात किल्ली परत करायची, हे आपल्याला नवीन नाही. मग कुणी पुण्याला फ्लॅट घेतो, कुणी इथेच प्लॉट, कुणी मुलांकडे अमेरिकेत जातो. त्या तिसऱ्या गटातल्या काही मंडळींनी तिकडच्या रस्त्यांवर चालती घरं पाहिली आहेत, आणि ज्यांना तिथे कायम राहण्याचा हक्क मिळालाय अशांपैकी एक-दोघं तसं घर घेऊन फिरतच राहायचा विचार करताहेत. कार्यकर्त्यांनी मला याच विषयावर बोलायला सांगितलं ते त्यामुळेच. सहा महिन्यांच्या व्हिसावर जाणाऱ्यांसाठी हे नाही. त्यांनी अशी गाडी पंधरा दिवस भाड्याने घ्यावी आणि मजा करावी.

आधी एक नावाचा घोटाळा. आपण ‘मोबाईल होम’ म्हणतो, पण अमेरिकेत त्या नावाने ओळखलं जातं ते कारखान्यात बनवून जागेवर नेऊन ठेवलेलं घर. जून 1976 मध्ये तिथे त्या घरांना सरकारी मानकं लागू झाली, आणि पुढे त्यांचं अधिकृत नावही बदललं. ती एकदा बसली की सहसा हलत नाहीत. आपल्याला हवी ती आरव्ही, म्हणजे रिक्रिएशनल व्हेईकल. तिचे ढोबळ दोन वर्ग: जिला स्वतःचं इंजिन आहे ती मोटरहोम, आणि जी दुसऱ्या गाडीने ओढायची ती ट्रेलर.

मोटरहोममध्ये ए, बी आणि सी असे प्रकार. ए म्हणजे अख्खी बस. बी म्हणजे व्हॅनच्या आत बसवलेलं घर. सी या दोघांच्या मधली, ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला माळा असलेली. ट्रेलरमध्ये साधा ट्रॅव्हल ट्रेलर गाडीच्या मागच्या हुकाला लागतो, आणि ‘फिफ्थ व्हील’ हा मोठा प्रकार पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या जोडणीवर टेकतो.

यातलं कुठलं चांगलं, असं मला लोक विचारतात. मी उलट विचारतो: तुम्ही एका ठिकाणी किती दिवस थांबणार? कायम फिरणारा माणूस कायम गाडी चालवत नाही. तो आठवड्यातून एखाद-दोन दिवस चालवतो, बाकीचे दिवस स्वयंपाक करतो, कपडे धुतो, वाणसामान आणतो, डॉक्टरकडे जातो. म्हणजे तुम्ही गाडी निवडत नसून थांबलेल्या दिवसांचं घर निवडताय. महिना-महिना एका जागी राहणाऱ्या दोघांसाठी मी फिफ्थ व्हील सुचवीन, कारण घर उभं करून पिकअप मोकळा होतो. दर तीन-चार दिवसांनी हलणाऱ्यांना पंचवीस फुटांच्या आतली सी बरी. बी सुटसुटीत खरी, पण तिच्यात बारा महिने राहायचं तर एकटं असावं, नाहीतर नवराबायकोचं विलक्षण जमत असावं.

मोटरहोम घेतली तर मागे छोटी मोटार ओढून न्यावी, कारण भाजी आणायला घर हलवणं म्हणजे दर वेळी नळ, वीज सगळं सोडवायचं. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या डोंगराळ भागात एकवीस फुटांपेक्षा लांब किंवा आठ फुटांपेक्षा रुंद वाहन सोडतच नाहीत. इतक्या लांब जाऊन खाली तळावर बसून राहायचं का?

आता वजन. विक्रीच्या आवारात सोफा, शेकोटी आणि टीव्ही दाखवतात. तुम्ही आधी दाराजवळची पिवळी पट्टी वाचा. ट्रेलरवर त्यात सामानाचं कमाल वजन दिलेलं असतं. मोटरहोमवर सामान आणि माणसं मिळून. उदाहरणादाखल, एका फिफ्थ व्हीलची भरलेल्या अवस्थेतली मर्यादा 6,400 किलो आणि रिकामं वजन 5,600 किलो धरा. उरले आठशे. टाकीत 230 लिटर पाणी घेतलं की 230 किलो गेले. राहिलेल्या 570 मध्ये जास्तीच्या बॅटऱ्या, अवजारं, भांडी, कपडे, पुस्तकं, पिठाचे डबे आणि दोघांचा संसार. सुट्टीला जाणाऱ्याला हे पुरतं. कायम राहणाऱ्याला दुसऱ्या वर्षी कमी पडतं. आणि जादा वजनाचा पहिला बळी टायर.

फिफ्थ व्हीलच्या भरलेल्या वजनाच्या साधारण वीस ते पंचवीस टक्के भार पिकअपच्या हौद्यावर येतो. 6,400 चे वीस टक्के 1,280 आणि पंचवीस टक्के 1,600 किलो. विक्रेता म्हणेल, हा ट्रक अमुक इतकं ओढतो. ओढणं वेगळं आणि अंगावर घेणं वेगळं. पिकअपच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर माणसं आणि सामान मिळून किती भार चालेल तो आकडा असतो, तो पाहावा. पुष्कळदा घर आवडतं, विकत घेतलं जातं, आणि मग कळतं की ट्रकही मोठा घ्यायला हवा. म्हणून आधी घर ठरवा, मग ट्रक. पैसे मात्र दोन्हींचे मिळून मोजा. साध्या ट्रेलरचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर हवा. तो कमी पडला तर ट्रेलर मागे शेपटासारखा डोलायला लागतो.

आपल्या बायकांना, आणि स्वयंपाक करणाऱ्या पुरुषांनाही, एक सांगतो. आत शिरल्यावर ओट्यापाशी उभे राहा आणि फोडणी देताय असं समजा. पंखा धूर बाहेर टाकतो की आतच फिरवतो? पलंग दोन पावलांवर आहे आणि धुराची घंटा त्याहून जवळ. इथला मिक्सर तिकडे 120 व्होल्टवर चालत नाही, तिथल्या विजेचा वेगळा घ्यावा लागतो. तीस अँपिअरची जोडणी असेल तर एकूण 3,600 वॉट मिळतात, म्हणजे एसी, मायक्रोवेव्ह आणि गिझर एकदम लावायचे नाहीत. पन्नास अँपिअरच्या जोडणीत 12,000 मिळतात. दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात राहायचं असेल तर हा फरक जाणवतो.

पाण्याच्या टाक्या तीन: स्वच्छ, सांडपाण्याची आणि संडासाची. नवखा माणूस तिसरीची धास्ती घेतो, पण आधी भरते ती दुसरी. आपली आंघोळ बादलीची. दोघांच्या दोन बादल्या चाळीस लिटर, भांड्यांना वीस. दीडशे लिटरची टाकी अडीच दिवसांत काठोकाठ. कॅम्पग्राउंडला नळाची जोडणी असेल तर प्रश्न नाही. पण सरकारी मोकळ्या जमिनीवर, जिथे बहुतेक ठिकाणी अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवस फुकट राहता येतं, तिथे हीच टाकी तुम्हाला उठवते.

भिंतीचा काही भाग बटण दाबून बाहेर सरकतो, त्याला स्लाइड-आउट म्हणतात. जागा दुप्पट वाटते. गाडी बघताना तो आत घेऊन दाखवायला सांगा. आत घेतल्यावर संडासात जाता येतं का, फ्रिज उघडतो का? रस्त्यात जेवायला थांबलात की कळेल, पण तेव्हा उशीर झालेला असेल. पलंगही पाहा. कोपऱ्यात बसवलेला असेल तर रात्री एकाला दुसऱ्यावरून ओलांडून जावं लागतं, आणि सी प्रकारातल्या माळ्यावरच्या पलंगाला शिडी असते. साठीच्या गुडघ्यांना विचारा.

जुनी घेत असाल तर नाक वापरा. कुबट वास आला की छतातून पाणी झिरपलंय असं समजावं आणि निघावं. टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका; कडेला कोरलेल्या मजकुरातले शेवटचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. या गाड्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नवीन घेत असाल तर वॉरंटीत कायम राहण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. पुष्कळ कंपन्या त्यावर हात वर करतात. विमाही पूर्णवेळ राहणाऱ्यांचा वेगळा असतो.

घर विकल्यावर पत्ता कुठला? लायसन्स, गाडीची नोंदणी, मतदान, सगळ्याला पत्ता लागतो. म्हणून हे लोक बहुधा टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा निवडतात; तिन्ही ठिकाणी राज्याचा आयकर नाही. टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टनला 1978 मध्ये सुरू झालेला ‘एस्केपीज’ नावाचा क्लब आहे, तो सभासदांचं टपाल ते असतील तिथे पाठवतो. मोठी बस घेणाऱ्यांनी लायसन्सचा नियमही पाहावा: टेक्सासमध्ये 26,000 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 11,800 किलोंच्या वर वेगळ्या वर्गाचं लायसन्स लागतं.

आणि डॉक्टर. ग्रीनकार्डवाल्यांना पासष्टीनंतर मेडिकेअर पैसे भरून घेता येतं, पण त्याआधी सलग पाच वर्षांचं वास्तव्य हवं. ते नसताना चाकांवर राहायला निघणं मला तरी धाडसाचं वाटतं. मेडिकेअरमध्येही मूळ योजना देशभर, ती स्वीकारणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे चालते. ‘ॲडव्हांटेज’ प्रकारच्या योजना बहुधा ठरावीक भागातल्या डॉक्टरांशी बांधलेल्या असतात. मासिक हप्ता कमी दिसला म्हणून दुसरी घेतली, तर तातडीचं सोडून बाकीच्या उपचारांना पुष्कळदा आपल्याच गावी परतावं लागतं, आणि आपलं गाव तर आपण सोडलेलं.

हे सगळेच हौसेने करतात असंही नाही. 2008 च्या मंदीत घरं आणि बचत गेलेले कितीतरी वयस्क लोक व्हॅनमध्ये राहायला आले. जेसिका ब्रुडर यांनी त्यांच्यावर 2017 मध्ये ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिलं, आणि त्यावरच्या सिनेमाला 2021 मध्ये ऑस्कर मिळालं. ॲरिझोनातल्या क्वार्टझाइटच्या वाळवंटात हिवाळ्यात लाखो डॉलरची बस आणि जुनी व्हॅन शेजारी उभ्या दिसतात.

आपल्याकडे? महाराष्ट्र आणि केरळ दोघांनीही 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाची धोरणं आणली, भाड्याने गाड्या मिळतात. पण जुनी मिनीबस घेऊन गॅरेजमध्ये घर करून घेऊ, असं कुणी म्हणत असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहावा; कंपनीच्या मूळ तपशिलात मनाजोगे बदल चालत नाहीत. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानक आहे, त्याप्रमाणे मंजुरी असलेलीच घ्यावी. मैल्याची टाकी कुठे रिकामी करणार, हेही आधी विचारावं. कायम राहण्याचा बेत इथे मी तूर्त करणार नाही.

एक विचारायचं राहिलं, आणि ते दुकानात कुणी सांगत नाही. गाडी दोघांनाही चालवता येते का? मागे घेता येते का? आपल्या पिढीत बहुतेक घरांत एकच ड्रायव्हर. त्याचा मोतीबिंदू वाढला किंवा कंबर धरली की घर जिथे असेल तिथेच उभं. ‘एस्केपीज’ने लिव्हिंगस्टनलाच अशांसाठी मदतीचं केंद्र काढलंय: गाडी तिथे लावून तिच्यातच राहायचं, जेवण आणि दवाखान्यात नेण्या-आणण्याची सोय केंद्राची. तिथे जायचं नसेल तर एका लहान घराचे पैसे बाजूला ठेवून मगच गाडीचं बजेट ठरवावं. राहिलेल्या पैशांत येईल ती गाडी तुमची.

आता चहा येतोय. तोवर ज्यांना प्रश्न असतील त्यांनी विचारावेत. वजनाचा हिशेब करायला कागद-पेन्सिल मी आणली आहे.