काचेमागचा साक्षीदार

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावात शिरणाऱ्या गाड्यांकडे पाहा. समोरच्या काचेपाशी लिंबू-मिरची असते, आणि हल्ली तिच्या शेजारी एक छोटा कॅमेराही दिसतो. डॅशकॅम. खासगी गाडीत तो बसवायला बंदी नाही, तशी सक्तीही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेल्या १६७-अ या नियमात डॅशबोर्ड कॅमेऱ्याचं नाव आहे खरं; पण तो नियम पोलिसांच्या चलनासाठी आहे. आपण एवढंच पाहावं, की कॅमेरा चालकाच्या नजरेआड येत नाही.

माझा भाचा पिकअप चालवतो. तो म्हणाला, "मामू, घाटात टक्कर झाली की गर्दी आधी मोठ्या गाडीवाल्याला धरते. माझ्या बाजूनं बोलणारं कुणीतरी पाहिजे ना!"

मी विचारलं, "आणि चूक तुझीच असली तर?"

तो गप्प बसला. कॅमेरा कुणाचा भाचा नसतो. गाडीवाल्याविरुद्धही तो बोलतो, आणि तेव्हा मुद्दाम कार्ड पुसणं हा पुरावा नष्ट करण्याचा गुन्हा ठरतो.

पण कोर्ट हे चित्र मानतं कसं? त्यासाठी जालन्याचा खटला पाहावा लागेल. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नंतर, असा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात चित्रीकरण झालेलं होतं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयानं सांगितलं : चित्रीकरणाची नक्कल द्यायची तर सोबत प्रमाणपत्र हवंच. मालकानं स्वतः साक्षीला उभं राहून मूळ यंत्रच हजर केलं, तर त्याची गरज नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ मधल्या प्रमाणपत्राचा एक भाग यंत्र सांभाळणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्यात फाइलचा 'हॅश' लिहायचा. हा जणू फाइलच्या अंगठ्याचा ठसा; चित्रातला एक ठिपका बदलला तरी तो बदलतो.

चाळीसगावकरांना हा संशय समजायला हवा. केकी मूस यांनी याच गावात, घराबाहेर न पडता, टेबलावर वस्तू मांडून फोटोत अख्खे देखावे उभे केले. ती कला होती. आता तसली करामत कुणीही मोबाइलवर करतो. आमच्या घरी प्रत्यक्ष पाहणाऱ्याला 'चश्मदीद गवाह' म्हणतात. कॅमेरा चश्मदीद झाला. गवाह व्हायला माणूसच लागतो.

म्हणून अपघात झाला तर आधी जखमीला दवाखान्यात न्या, पोलिसांना कळवा, आणि मग कार्ड काढून ठेवा. कार्ड भरलं की हे यंत्र जुनं पुसून नवं लिहितं. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली क्लिप दाबली जाऊन लहान होते, तिचा ठसा मुळाशी जुळत नाही. पोलिसांनी कार्ड मागितलं तर द्यावं. पण आधी नक्कल काढावी आणि पंचनाम्यात नोंद करून घ्यावी.

काळी-पिवळीवाल्यांना एक विनंती. काही कॅमेरे आतलं बोलणंही टिपतात. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ सालीच सांगितलं आहे. मागच्या बाकावर कुणी लेकीच्या सोयरिकीचं बोलत असतं, कुणी कर्जाचं. तो मायक्रोफोन बंद ठेवा. अपघाताचा पुरावा पुढच्या काचेतून मिळतो.