वॉचमन जेव्हा खातेदारावरच बंदूक रोखतो
(रौप्यमहोत्सवी आरोग्य कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. सगळी नोकरी बँकेत झाली, म्हणून उदाहरणही बँकेचंच देतो. शाखेच्या दारात बंदूकधारी वॉचमन असतो, तो दरोडेखोरांसाठी. तोच खातेदारांना दरोडेखोर समजू लागला तर? आपली रोगप्रतिकारशक्ती कधीकधी अशीच फसते आणि स्वतःच्याच मेंदूवर चालून जाते. मेंदूला सूज येते. याला ‘ऑटोइम्यून एन्सेफलायटिस’ म्हणतात.

न्यूयॉर्कची सुझॅना कॅहॅलन ही 24 वर्षांची पत्रकार. 2009 साली तिला संशय, भास, निद्रानाश आणि मग फिट्स सुरू झाल्या. एमआरआय नॉर्मल! कुणी दारूचा परिणाम म्हणालं, कुणी मानसिक आजार. शेवटी डॉ. सुहेल नज्जार यांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. तिने सगळे आकडे उजव्याच बाजूला कोंबले, डावी बाजू कोरी! दोष मेंदूत आहे हे डॉक्टरांनी ताडलं आणि पुढच्या तपासण्यांत ते सिद्ध झालं. तिच्या आजाराचं नेमकं कारण डॉ. जोसेप डाल्माउ आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये, म्हणजे जेमतेम दोन वर्षं आधी, जगापुढे मांडलं होतं. सुझॅना बरी झाली, कामावर परतली, तिने या अनुभवावर पुस्तकही लिहिलं.

निदानासाठी पाठीतलं पाणी आणि रक्त तपासून त्यात अँटीबॉडी शोधतात, ईईजी काढतात, जंतुसंसर्ग नाही ना हेही बघतात. तरुण मुलींमध्ये कधी अंडाशयातली गाठ याच्या मुळाशी असते, म्हणून सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात. गाठ असेल तर ती काढावी लागते. उपचार म्हणजे स्टेरॉइडची इंजेक्शनं, इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा बदलणं. एवढ्याने भागलं नाही तर रिटुक्सिमॅबसारखी औषधं. सुधारणा हळूहळू होते, महिने लागतात. पण बहुतेक रुग्ण चांगले सावरतात, आणि उपचार जितके लवकर तितकं बरं.

आता आपल्या घरचं बोलू. हसतंखेळतं माणूस दिवसां-आठवड्यांत एकदम बदललं, असंबद्ध बोलू लागलं, विसरू लागलं, त्यात फिट आली, तर ‘बाहेरचं काहीतरी’ म्हणून अंगारे-धुपारे करत बसू नका. ‘वेड लागलं’ असा शिक्काही मारू नका. तडक मोठ्या हॉस्पिटलात न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. आणि शेजाऱ्यांनो, अशा वेळी जिन्यात कुजबुजू नका. गाडी बाहेर काढा, सोबत जा. पंचवीस वर्षं एका छताखाली राहिलो, ते याचसाठी.