उंदराचे दुःख आणि माणसाचे औषध



नैराश्यावरील औषधांचा प्रारंभ प्रयोगशाळेत झाला नाही, तो रुग्णालयात झाला. आणि तोही दुसरेच काही शोधत असताना. 1952 साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड नावाचे औषध देण्यात आले. वर्षानुवर्षे खाटेला खिळलेली माणसे हसू-बोलू लागली, त्यांना भूक लागू लागली. पुढे स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात रोलांड कून यांनी गायगी कंपनीचे एक द्रव्य छिन्नमनस्कतेच्या रुग्णांना देऊन पाहिले. त्यांना उतार पडला नाही. मग कून यांनी तेच द्रव्य खोल उदासीनतेत बुडालेल्यांना दिले, आणि 1957 साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. तेच इमिप्रामीन. नैराश्यावरील औषध म्हणून या दोहोंपैकी एकालाही कोणत्या प्राण्याने निवडून दिले नव्हते. निवड रुग्णांनी केली, आणि ती ओळखली रुग्णांजवळ बसणाऱ्या डॉक्टरांनी.

परंतु औषध कंपन्यांना योगायोगावर विसंबून चालत नाही. हजारो द्रव्यांतून चार निवडायची, तर एखादी झटपट कसोटी हवी. अशी पहिली कसोटी मिळाली ती एका भारतीय वनस्पतीमुळे. सर्पगंधेचे नाव आपल्याकडे कोणास नवे नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयी लेख लिहिला, आणि 1952 साली बाझलच्या सिबा कंपनीत तिच्या मुळांतून रेसर्पीन वेगळे करण्यात आले. रेसर्पीन टोचलेला उंदीर मलूल होतो. पापण्या मिटतात, अंग गार पडते, हालचाल थांबते. इमिप्रामीन दिले की पापण्या उघडतात. झाली कसोटी तयार! पापण्या उघडणारे द्रव्य नैराश्यावर चालेल, असे गृहीत धरण्यात आले. या युक्तिवादातील गोम लक्षात यायला वेळ लागला. इमिप्रामीनवरून बेतलेली परीक्षा इमिप्रामीनची भावंडेच उत्तीर्ण करणार. मियान्सेरीन या परीक्षेत नापास झाले, आणि रुग्णांना मात्र त्याचा गुण आला.

1977 साली रॉजर पोर्सोल्ट यांनी दुसरी परीक्षा पुढे आणली आणि ती जगभर पसरली. पाण्याने भरलेल्या काचेच्या नळकांड्यात उंदीर सोडायचा. बाहेर पडण्याची वाट नाही. प्रारंभी तो धडपडतो, कडेला पंजे मारतो, आणि काही मिनिटांनी नाक तेवढे पाण्यावर ठेवून निश्चल तरंगत राहतो. ही निश्चलता किती सेकंद टिकली ते मोजायचे. औषध दिलेला उंदीर अधिक वेळ पोहतो. पोर्सोल्ट यांनी या निश्चलतेला हताशपणा म्हटले. हे नाव देण्यात फार घाई झाली, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. वाट नाही हे कळल्यावर शक्ती राखून तरंगत राहणे हा हताशपणा की शहाणपणा, हे उंदराखेरीज कोण सांगणार? शिवाय येथे निरोगी उंदराला औषधाच्या दोन-तीन मात्रा पुरतात आणि दुसऱ्या दिवशी फरक दिसतो. माणसाला त्याच औषधाचा गुण यायला कित्येक आठवडे लागतात. जी परीक्षा हा काळच गिळून टाकते, ती आजाराची परीक्षा कशी म्हणावी?

रुग्णाची उदासी चार मिनिटांची नसते. ती महिनोन्महिने साचत गेलेली असते. हे साचणे प्राण्यात कसे उतरवायचे, या प्रश्नावर 1980 नंतरच्या दशकात खरे काम झाले. अमेरिकेत रिचर्ड कॅट्झ यांनी उंदरांना कित्येक दिवस निरनिराळे कठोर ताण दिले. त्यावरून धागा घेऊन लंडनच्या पॉल विल्नर यांनी 1987 साली सौम्य ताणांची पद्धत मांडली. सौम्य म्हणजे खरोखरच सौम्य. एके दिवशी पिंजरा तिरका ठेवायचा. दुसऱ्या दिवशी खालचा भुसा ओला करायचा. कधी रात्रभर दिवा जळत ठेवायचा, कधी अनोळखी सोबती आत सोडायचा, कधी काही तास पाणी बंद. यांतील एकही गोष्ट एकटी म्हणून फारशी जाचक नाही. पण आज काय होईल याचा अंदाज नाही, आणि हे आठवडेच्या आठवडे चाललेले.

विल्नर यांनी मोजले ते साखरेचे पाणी. पिंजऱ्याला किंचित गोड पाण्याची बाटली लावली की निरोगी उंदीर साध्या पाण्यापेक्षा तिकडे धावतो. काही आठवड्यांच्या त्रासानंतर त्याचे ते धावणे ओसरते. गोडी बाटलीत असते, पण उंदराला ती उरत नाही. नैराश्याच्या रुग्णांची तक्रार ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आवडता पदार्थ समोर आहे, नातवंड अंगाखांद्यावर खेळते आहे, आणि आत काहीच हलत नाही. पुढे याच पद्धतीत इमिप्रामीनसारखे औषध रोज दिले, तेव्हा पहिल्या आठवड्यात फारसे काही झाले नाही. तीन-चार आठवड्यांनी उंदीर पुन्हा गोड पाण्याकडे वळू लागले. माणसाला लागतो तोच काळ उंदराला लागला. पोर्सोल्टच्या नळकांड्यात जे हरवले होते, ते या बाटलीत सापडले.

अर्थात ही पद्धत सोपी नाही. एका प्रयोगाला दोन महिने लागतात, पिंजरे रात्री-अपरात्री तिरके करावे लागतात, आणि एका प्रयोगशाळेत जमलेले दुसरीत जमेलच असे नाही. उपाशी राहून वजन घटलेला उंदीर मुळातच कमी पितो, असा आक्षेपही निघाला. विल्नर यांनी स्वतः या आक्षेपांची दखल घेतली. म्हणूनच औषध कंपन्या सहा मिनिटांच्या परीक्षेकडे वळत राहिल्या, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली. 1998 साली मर्क कंपनीच्या संशोधकांनी मेंदूतील पी-द्रव्याचा मार्ग अडवणारे एक औषध नैराश्यावर चालते असे प्रसिद्ध केले. आईपासून दूर केलेली गिनीपिगची पिले त्या औषधाने कमी ओरडत होती. त्याच जातीचे अॅप्रेपिटंट मोठ्या मानवी चाचण्यांत नैराश्यावर निष्प्रभ ठरले. आज ते कर्करोगाच्या औषधांमुळे होणाऱ्या ओकाऱ्या थांबवण्यासाठी वापरतात.

दीर्घ ताणाचा मेंदूवर काय ठसा उमटतो, हे पाहण्यात भारतीय प्रयोगशाळांचा वाटा मोलाचा आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना दहा दिवस रोज दोन तास जखडून ठेवले. स्मृतीशी संबंधित भागातील चेतापेशींच्या फांद्या खुरटल्या. भीतीशी संबंधित भागातील फांद्या मात्र फोफावल्या. हे 2002 साली प्रसिद्ध झाले. पुढे एकवीस दिवसांची विश्रांती दिल्यावर पहिला भाग पूर्ववत झाला, दुसरा झाला नाही. ताण संपला, धास्ती उरली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांनी पिलांना लहानपणी आईपासून तोडण्याचे परिणाम प्रौढ वयापर्यंत कसे पोहोचतात याचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. 2022 चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला.

या साऱ्यात उंदराला होणाऱ्या त्रासाचा हिशेब कोठे मांडायचा? आजार निर्माण केल्याखेरीज औषध पारखता येत नाही, आणि आजार म्हणजे यातना. ही अडचण शब्दांनी झाकण्यात अर्थ नाही. भारतात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार नेमलेली समिती अशा प्रयोगांवर देखरेख ठेवते. पोहण्याच्या परीक्षेवर ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने 2024 साली बंदी घातली. ब्रिटननेही ती मोडीत काढण्याच्या दिशेने पावले टाकली. ज्या परीक्षेत प्राण्याला त्रास आणि रुग्णाला लाभ संशयास्पद, ती आधी जावी, हे योग्यच झाले. दीर्घ ताणाच्या पद्धतीत त्रास कमी नाही, उलट अधिक दिवसांचा आहे. फक्त तिच्यातून काही उत्तर मिळण्याची शक्यता अधिक आहे.

आणि उत्तराची निकड आहे. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे रुग्ण साधारण एक तृतीयांशच असतात. काहींना तर दुसऱ्या-तिसऱ्या औषधानेही उतार पडत नाही. विस्टार-क्योटो या जातीचे उंदीर असेच आहेत. सौम्य ताणांनंतर त्यांची गोड पाण्याची ओढ जाते, आणि नेहमीच्या औषधांनी ती परत येत नाही. पोलंडमधील क्राकूव्ह येथील मारिउश पाप्प यांनी विल्नर यांच्याबरोबर याच उंदरांवर काम केले. गोळ्यांनी न बदललेले हे उंदीर, मेंदूच्या पुढच्या भागात बारीक तार घालून मंद विद्युतप्रवाह दिल्यावर पुन्हा गोड पाण्याच्या बाटलीकडे वळले.