सौर प्रकल्प आणि गावाची जमीन

सौर प्रकल्पाला गावाने विरोध केला की शेतकरी विकासाच्या आड येतोय, असं चटकन बोललं जातं. हा अन्याय आहे. धुळे जिल्ह्यातलं विखरण आठवा. तिथल्या धर्मा पाटलांची आंब्याची झाडं असलेली पाच एकर जमीन वीजप्रकल्पासाठी गेली. हाती आले जेमतेम चार लाख. वाढीव मोबदल्यासाठी हेलपाटे घालून थकलेल्या या वृद्धाने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं, आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

एक मेगावॉट सौरविजेला साधारण चार-पाच एकर जमीन लागते. कर्नाटकात पावगड्याच्या सौर प्रकल्पासाठी ती विकत न घेता भाडेपट्ट्याने घेतली, सुरुवातीला वर्षाला एकरी २१ हजारांनी. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली. दुष्काळी, कोरडवाहू भागात जमीनवाल्याला हे परवडलं. पण खुरपणी-काढणीला जाणाऱ्या बाईचं नाव त्या करारात कुठे असणार? कुंपण पडलं, की तिचा रोजगार बुडतो आणि शेळ्यांची चराईही.

आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते, ते हवंच आहे. पण त्यासाठी गायरान घेताना ग्रामसभेला आधी विचारा. गुरं चारायची कुठे, हे गावालाच ठरवावं लागतं.