मॅक्लिओडगंज : वाट पाहणाऱ्यांनी वसवलेलं गाव

दिल्लीहून रात्रीच्या बसने निघून पहाटे मॅक्लिओडगंजला उतरणारा मराठी प्रवासी बहुधा दोन दिवस तिथे राहतो. दलाई लामांचं मंदिर, भागसूनागचा धबधबा, पायांत बळ असेल तर त्रिउंडची चढण आणि संध्याकाळी वाफाळते मोमो. तिसऱ्या दिवशी तो डलहौसीची किंवा मनालीची गाडी पकडतो. धौलाधारची हिमशिखरं त्याने डोळे भरून पाहिलेली असतात, पण गाव पाहायचं राहून गेलेलं असतं.

हे गाव आधी तिबेटी नव्हतंच. धरमशाला शहराच्या वरच्या अंगाला, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवरच्या या वस्तीला पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर डोनाल्ड मॅक्लिओड यांचं नाव मिळालं, कारण इंग्रजांनी इथे छावणी थाटली होती. गुरखा पलटण होती, बंगले होते. 1863 साली व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन इथेच वारले. देवदारांच्या गर्दीत उभ्या असलेल्या सेंट जॉन चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. 4 एप्रिल 1905 च्या पहाटे काँगड्याचा भूकंप झाला आणि वीस हजारांच्या आसपास माणसं दगावली. चर्चचा घंटेचा मनोरा कोसळला, भिंती तेवढ्या टिकल्या. सरकारी कचेऱ्या खालच्या धरमशालेत हलल्या. 1947 नंतर उरलेसुरले इंग्रजही गेले. मागे राहिले डोंगरात शेळ्यामेंढ्या राखणारे गद्दी लोक, ओस पडलेले बंगले आणि 1860 पासून चालत आलेलं ‘नवरोजी अँड सन’ हे पारशी दुकान.

या दुकानाचे नौझर नवरोजी यांचं नाव गावाच्या इतिहासात ठळकपणे घ्यायला हवं. चीनच्या ताब्यात गेलेल्या तिबेटमधून येणाऱ्या हजारो निर्वासितांना कुठे ठेवायचं हा प्रश्न केंद्र सरकारपुढे होता आणि आपलं रिकामं गाव पुन्हा जागं व्हावं अशी नवरोजींची इच्छा होती. त्यांनी सरकारला या जागेची आठवण करून दिली. 17 मार्च 1959 च्या रात्री साध्या सैनिकाच्या वेशात ल्हासा सोडलेले, तेव्हा अवघ्या तेविशीत असलेले दलाई लामा तवांगच्या बाजूने भारतात आले, वर्षभर मसुरीला राहिले आणि 30 एप्रिल 1960 रोजी धरमशालेत पोचले. त्यांच्या मागोमाग देश सोडणाऱ्यांची संख्या ऐंशी हजारांच्या घरात गेली.

ही माणसं आली आणि रस्त्याच्या कामावर लागली. हिमालयात तेव्हा नवे रस्ते फोडले जात होते आणि उंचावरच्या थंडीची सवय असलेले मजूर हवे होते. काल याक राखणारा, परवापर्यंत मठात पोथी वाचणारा माणूस आता खडी फोडू लागला. मुलं रस्त्याकडेच्या तंबूंत, धुळीत आणि सुरुंगांच्या आवाजात. तिबेटच्या कोरड्या हवेतून आलेल्या शरीरांना इथला दमटपणा सोसेना. क्षय पसरला, लहानग्यांचे हाल पाहवेनासे झाले. 17 मे 1960 रोजी जम्मूच्या रस्ता-छावण्यांमधून 51 मुलं धरमशालेला आणली गेली, आजारी आणि उपाशी. दलाई लामांच्या थोरल्या बहिणीने, त्सेरिंग डोल्मा यांनी, त्यांना सांभाळायला घेतलं. 1964 मध्ये त्या गेल्या आणि धाकट्या बहिणीने, जेत्सुन पेमा यांनी, पुढची चार दशकं ते काम वाढवलं. इथल्या डल तलावाजवळचं ‘तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज’ ते हेच. तिथे वसतिगृहाच्या लांबलचक खोल्या नाहीत, घरं आहेत. प्रत्येक घरात एक आई असते, तिला मुलं ‘आमाला’ म्हणतात. थोरली मुलं धाकट्यांना न्हाऊमाखू घालतात, पाळीपाळीने स्वयंपाकात हात लावतात. पुढे कितीतरी वर्षं तिबेटमधले आईबाप काळजावर दगड ठेवून आपली मुलं वाटाड्यांबरोबर हिमालयापार पाठवत राहिले, ती या शाळांच्या भरवशावर. आईबापांच्या या विश्वासाइतकं मोठं काही या गावात पाहायला मिळणार नाही.

दलाई लामांचं मंदिर त्या मानाने साधं आहे. ल्हासाच्या जोखांग मंदिराचं वैभव डोळ्यांपुढे ठेवून येणाऱ्याला सिमेंटची ही इमारत पाहून चुकल्यासारखं वाटतं. आत मात्र अवलोकितेश्वराची मूर्ती पाहावी. सांस्कृतिक क्रांतीत जोखांगमधली जुनी मूर्ती फोडली गेली. तिच्या मुखांचे काही अवशेष श्रद्धाळूंनी लपवून, हातोहात, नेपाळमार्गे भारतात पोचवले. ते इथे आहेत. मंदिराच्या टेकडीभोवती झाडीतून प्रदक्षिणेची वाट जाते. पहाटे तिथे म्हातारी माणसं जपमाळ ओढत, मणिचक्र फिरवत चालतात. प्रवाशाने त्यांच्यामागून, उजवी घालून, कॅमेरा पिशवीत ठेवून चालावं.

मग जोगीवाडा रस्त्याच्या उतारावरून खाली गांगचेन क्यीशोंगला यावं. पर्यटक इथे कमी फिरकतात. निर्वासित प्रशासनाच्या पिवळट इमारती, 1970 मध्ये स्थापन झालेलं हस्तलिखितांचं ग्रंथालय आणि तिबेट संग्रहालय, सगळं जवळजवळ आहे. निर्वासितांची संसदही इथेच आहे; तिला जगातल्या एकाही सरकारची मान्यता नाही. तिच्या 45 जागांपैकी दहा-दहा जागा उ-त्सांग, खाम आणि आम्दो या तिबेटच्या तीन प्रांतांच्या, दहा धर्मपंथांच्या आणि पाच परदेशांत राहणाऱ्यांच्या. म्हणजे धरमशालेत खामी घरात जन्मलेली मुलगी, जिने खाम कधी पाहिलेला नाही, ती खामची मतदार असते. हातात निर्वासित प्रशासनाची हिरवी पुस्तिका, तीत भरलेल्या वर्गणीची नोंद, आणि मग मतदान. जुन्या तिबेटमध्ये या तीन प्रांतांच्या लोकांच्या बोली इतक्या वेगळ्या की संभाषण अडावं. एका शाळेत, एका पाठ्यपुस्तकात, एका मतपत्रिकेवर ते आले ते परक्या देशातल्या या उतारावर. ‘छोटं ल्हासा’ म्हणून हे गाव ओळखलं जातं, पण ल्हासाची नक्कल एवढंच त्याचं मोल नाही. तिबेटी माणसाने एक समाज म्हणून जगण्याची घडी इथे नव्याने बसवली. 2011 मध्ये दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार स्वतःहून लोकनियुक्त नेत्याकडे सोपवले, तेही इथूनच. सत्ता अशी सोडणारे धर्मगुरू इतिहासात फार नाहीत.

हे सारं उभं आहे ते दुसऱ्यांच्या जमिनीवर. बिगरशेतकऱ्याला आणि बाहेरच्याला हिमाचलमध्ये जमीन घेणं कायद्याने अवघड. त्यामुळे थुक्प्याची खाणावळ तिबेटी असते, गाळा मात्र बहुतेकदा स्थानिक मालकाचा. भाडं एकाला, धंदा दुसऱ्याला. हे नातं नेहमी गोड राहिलं नाही. एप्रिल 1994 मध्ये एका गद्दी तरुणाच्या हत्येनंतर जमावाने तिबेटींच्या मालमत्तेची जाळपोळ केली. दलाई लामांनी गावच सोडण्याची तयारी दाखवली, आणि त्यांनी राहावं म्हणून स्थानिकांनीच आर्जव केलं. गद्दींकडे पाठ फिरवून या गावाबद्दल लिहिणारी प्रवासवर्णनं अर्धीच म्हटली पाहिजेत.

2008 पर्यंत दरवर्षी दोन-तीन हजार माणसं सीमा ओलांडून येत. त्या वर्षी तिबेटमध्ये झालेल्या उठावानंतर चीनने पहारे आवळले आणि हा ओघ जवळजवळ आटला. इकडे शिकलेली तरुण पिढी अमेरिका-युरोपची वाट धरते. परदेशी नागरिक म्हणून नोंदणीचा दाखला सांभाळत, तो वेळोवेळी नवा करून घेत जगण्याचा शीण बाहेरच्याला कळणं कठीण. कवी तेन्झिन त्सुंडू हे रस्त्याच्या कामावर राबलेल्या आईबापांचे चिरंजीव. ते मुंबई विद्यापीठात शिकले, आणि चिनी पंतप्रधान झू रोंगजी 2002 मध्ये मुंबईत आले तेव्हा झू उतरलेल्या हॉटेलच्या परांचीवर चढून त्यांनी तिबेटचा झेंडा फडकवला. कपाळाची लाल पट्टी तिबेट स्वतंत्र होईपर्यंत काढायची नाही, असा त्यांचा निश्चय आहे.

महाराष्ट्राशी असलेला धागा एवढाच नाही. हिवाळ्यात आपल्या शहरांतल्या फुटपाथांवर जे तिबेटी स्वेटरवाले बसतात, ते लुधियानाच्या व्यापाऱ्यांकडून बरेचदा उधारीवर माल उचलतात आणि हंगाम संपला की हिशेब चुकता करतात. त्यांच्यातल्या काहींचं गाव आपल्याच राज्यात आहे: गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधजवळचं गोठणगाव. तिथली नॉर्ग्येलिंग वसाहत 1972 ची. विदर्भाच्या उन्हात या डोंगरी माणसांनी भातशेती शिकली. धरमशालेच्या संसदेची निवडणूक असते तेव्हा तिथेही मतदान होतं, आणि तिथे जन्मलेले तरुण खामसाठी, आम्दोसाठी मत देतात.