रोजच्या दिवसातला एकांत

एकांत म्हणजे माणसाने आपणहून स्वतःसाठी राखलेला, कोणाच्याही हाकेला न बांधलेला वेळ. एकटेपणा वाट्याला येतो, एकांत निवडला जातो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५८ साली एका निबंधात मांडले, की एकटे राहण्याची क्षमता लहानपणी आईच्या सहवासातच तयार होते. आई जवळ असल्याच्या खात्रीने मूल आपल्या नादात खेळते. भरल्या घरातही एकांत मिळू शकतो, तो या खात्रीमुळेच.

असा एकांत शोधायला नंदुरबार जिल्ह्यात मोठी स्थाने आहेत. सातपुड्यात अकराशे मीटरांहून उंचावर असलेल्या तोरणमाळला मच्छिंद्रनाथांची गुहा आणि गोरक्षनाथांचे मंदिर आहे. पण संसारी माणसाला तिथे रोज जाता येत नाही. त्याचा एकांत कामातच असतो. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरपाड्यांत भिल्ल आणि पावरा कुटुंबांची घरे शेतांमधून विखुरलेली असतात. गुरे चारणे, शेत राखणे ही कामे माणसाला बराच वेळ आपल्यापाशी ठेवतात. मोहाची फुले रात्री उशिरापासून गळतात. ती वेचायला पहाटेच निघावे लागते, आणि उन्हे चढेपर्यंत हात कामात, मन मोकळे असते.

नंदुरबार, शहादा, नवापूर या शहरांत ही सोय कमी. पुष्कळ घरांत दोन खोल्यांत पाच-सहा माणसे राहतात, वेगळी खोली मिळत नाही. तिथे जागेऐवजी वेळ ठरवावा लागतो. शहर असो वा गाव, नवा कार्यक्रम आखण्यापेक्षा रोजच्या कामाला दहा मिनिटे जोडली, तर ती टिकतात: पहाटेचे पाणी भरून झाल्यावर ओट्यावर, शेतात मोटार सुरू केल्यावर बांधावर, दुकान उघडण्याआधी, प्रकाशासारख्या गावी तापीच्या घाटावर. त्या वेळात मोबाइल घरात राहावा. खिशातला फोन गप्प असला, तरी लक्ष त्याच्याकडेच राहते. सुरुवातीला अस्वस्थ वाटते आणि राहिलेली कामे आठवतात. ती आठवू द्यावीत, उठू नये.

बाईचा एकांत सर्वांत आधी मोडतो. ती बसलेली दिसली, की तिला काम सांगितले जाते. म्हणून हा वेळ घराने मिळून मान्य करायला हवा. घरात ज्याला कसली घाई नाही आणि एकटेपणा छळतो, असा माणूस असेल, तर त्याला मात्र सोबत द्यावी. त्याची गरज वेगळी आहे. बाकी प्रत्येकाला, आणि घरातल्या बाईला आधी, रोज दहा मिनिटे कोणी हाक मारू नये.