गोड्या पाण्यातील मिठाची राखण

बंगळूरच्या उत्तरेस, समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीच्या पठारावर येलहंका वसलेले आहे. तेथील तळे निसर्गनिर्मित नाही. पठारावरील इतर असंख्य तळ्यांप्रमाणे बांध घालून, पावसाचे पाणी अडवून ते तयार करण्यात आले. ग्रॅनाइट आणि नाइस या कठीण खडकांवरून वाहत येणारे पावसाचे पाणी आपल्याबरोबर फारच थोडे क्षार आणते. अशा पाण्यात शिंपले, गोगलगायी, जळवा, खेकडे आणि कीटकांच्या अळ्या राहतात. या प्राण्यांना तेथे सर्वांत दुर्मिळ वस्तू कोणती, असा प्रश्न केला तर तिचे उत्तर एका शब्दात देता येते: मीठ.

मनुका पाण्यात टाकली की फुगते, आणि काही वेळाने पाणी गोडसर होते, हा प्रत्येक स्वयंपाकघरातील अनुभव आहे. गोड्या पाण्यातील प्राण्याची स्थिती या मनुकेसारखीच आहे. त्याचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते. त्यामुळे तर्षणाने पाणी त्वचेतून सतत आत शिरते आणि रक्तातील क्षार सतत बाहेर झिरपतात. मनुका मृत आहे, म्हणून ती फुगते. शिंपला जिवंत आहे, म्हणून तो फुगत नाही. हा फरक कशामुळे पडतो?

या संकटाला प्राण्यांनी तीन प्रकारे तोंड दिले आहे. पहिला उपाय काटकसरीचा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. गोड्या पाण्यातील शिंपल्याचे रक्त त्याच्या विसाव्या-पंचविसाव्या भागाइतकेच खारट असते. साठाच थोडा, म्हणून गळतीही थोडी. दुसरा उपाय कवचाचा. गोड्या पाण्यातील खेकड्याचे रक्त बरेच खारट असते, परंतु त्याच्या टणक कवचातून पाणी सहजी आत येत नाही. तथापि श्वसनासाठी कल्ले पातळच ठेवावे लागतात, त्यामुळे गळती पुरती थांबत नाही. तिसरा उपाय उत्सर्जनाचा. शिंपला आत आलेले जादा पाणी पातळ मूत्राच्या रूपाने बाहेर टाकतो. पण या मूत्राबरोबरही थोडे मीठ जातेच. ही तूट भरून काढणे प्राण्याला भागच असते.

ती केवळ अन्नातून भरून निघत नाही, हे डॅनिश शरीरक्रियावैज्ञानिक ऑगस्ट क्रोग यांनी 1930 नंतरच्या दशकात दाखवून दिले. शुद्ध पाण्यात ठेवून त्यांनी प्राण्यांना मिठाला पारखे केले आणि मग अत्यंत सौम्य क्षारद्रावात सोडले. तेव्हा प्राण्यांनी आपल्या रक्ताहून कितीतरी कमी खारट अशा द्रावातून क्षार शोषून घेतले. उतारावरून वाहणारे पाणी चढावर नेण्यासारखेच हे काम होते. मूळ बेडकाच्या त्वचेत दिसलेली ही क्रिया अनेक अपृष्ठवंशी प्राण्यांतही आढळली. जळू सर्वांगाच्या त्वचेने मीठ टिपते, खेकडा कल्ल्यांनी, तर डासाची अळी शेपटाकडील चार नाजूक पिंडिकांनी. मीठ फारच कमी असलेल्या पाण्यात वाढलेल्या अळीच्या पिंडिका मोठ्या होतात, असेही दिसून आले आहे.

हे काम करणारा रेणू 1957 साली येन्स स्कौ यांना सापडला, तोही खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंत. हा ‘पंप’ पेशीतून सोडियमचे 3 आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे 2 आत घेतो. कल्ल्यांच्या पेशींत तो रक्ताच्या बाजूस असल्यामुळे सोडियम रक्तात जाऊन पडते.

भारतीय वाचकाला या विषयात एका नावाचे स्मरण ठेवणे उचित होईल. पुढे 1966 साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झालेले एन. केशव पणिक्कर यांनी इंग्लंडमधील प्लिमथ येथे कोळंब्यांच्या तर्षण-नियमनावर संशोधन केले. उबदार पाण्यात सौम्य क्षारतेशी जुळवून घेणे कोळंब्यांना सुकर जाते, असे त्यांनी 1940 साली मांडले. समुद्रातून नद्यांकडे आलेले प्राणी उष्ण प्रदेशांत इतके का आढळतात, याचा एक दुवा त्यातून मिळतो.

परंतु हा पंप फुकट चालत नाही. त्याला ऊर्जा लागते आणि ती श्वसनातून मिळते. तळ्यात सांडपाणी मिसळले की ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. तांब्यासारख्या धातूचे आयन अत्यल्प प्रमाणातही सोडियम आत घेण्याच्या क्रियेत अडथळा आणतात. प्राणी जितका लहान, तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा आणि मिठाची गळती वेगवान. म्हणून सर्वांत लहान जीव सर्वांत आधी मरतात. 2015 साली बंगळूरच्या बेळंदूर तळ्यावरील फेस रस्त्यावर आला, तेव्हा तो सर्वांना दिसला. पाण्याखाली बंद पडणारे हे पंप मात्र कोणाला दिसत नाहीत.

तळ्याचे पाणी जिवंत आहे की नाही, याची पारख करू पाहणाऱ्याने म्हणूनच काठावरचा चिखल चाळून पाहावा. तेथे जिवंत शिंपला सापडला तर समजावे की थेंबाथेंबातून मिठाचा कण वेचण्याचे ते जुने काम अजून चालू आहे.